इस्त्रीखालचा फोटो

अक्षर न् अक्षर खरं आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या उजवीकडच्या खालच्या दाढेची शपथ, आणि ती दाढ अजून तोंडात आहे, बघायची असेल तर आ करून दाखवीन. तुम्ही मनात काय म्हणताय तेही मला ठाऊक आहे. ही बाई म्हणजे हातभर लाकूड आणि दहा हात ढलपी. माझी लेक तर म्हणते, आई, तू कोपऱ्यावर दूध आणायला गेलीस तरी परत येताना गाय भेटल्याचं सांगतेस. भेटते मला गाय, त्याला मी काय करू? पण ह्या गोष्टीत गाय नाही, भूत नाही, आमच्या आजोबांनी काठी दाखवून परत पाठवलेलं वादळ नाही. ह्यात एक दात आहे, एक फोन आहे, आणि माझी धाकटी बहीण आहे. तिला आम्ही बारकी म्हणतो, जरी आता तिचे गुडघे माझ्याआधी कुरकुरतात.

त्या दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हिरडीत सुई टोचली आणि सांगितलं, बाहेर बसा, बधिर झालं की बोलावते. बाहेर एक लांब बाक, भिंतीवर जबड्याचं चित्र आणि काचेच्या पेटीत एकुलता एक मासा. आधी माझ्या ओठाचा कोपरा गेला, मग अर्धी जीभ, मग हनुवटी. गाल चाचपून बघितला तर बोटाला गाल लागत होता, पण गालाला बोट लागत नव्हतं. भलत्याच कोणा बाईच्या तोंडाला हात लावल्यासारखं वाटलं. लहानपणी बारकी झोपली की मी तिच्या गालाला असाच हात लावून बघायची, आहे ना, म्हणून. आई गेल्यावर मला ती खोडच लागली होती, झोपलेल्या माणसांना चाचपायची. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, डोळ्याला भिंग लावून दिवसभर, आणि संध्याकाळी बसल्या जागी डुलकी लागली की मी जाऊन त्यांच्या नाकाखाली बोट धरायची. ते दचकून उठायचे आणि म्हणायचे, चालू आहे गं, चालू आहे, जसं काही तेही दुरुस्तीला आलेलं घड्याळच. असलं काहीतरी डोक्यात फिरत होतं, तेवढ्यात मांडीवर फोन थरथरला.

मेसेज मोठ्या बाईंचा होता. मोठ्या बाई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या, रोज सकाळी एक फूल पाठवतात आणि फुलाखाली उपदेश. ह्या वेळी फूल नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, ‘जुना फोटो सापडला. कोण आहे ओळखता येतंय का?’ आणि खाली निळ्या अक्षरांची लांबलचक ओळ, आकडे, टिंबं, रेघा, मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडावी तशी. आता थापेबाजीत मी काही आजची नाही. थाप कशी शिवतात, शिवण कुठे लपवतात, हे मला झोपेतही सांगता येईल. पण मी थाप मारते ती ठासून भरलेली असते, तिच्यात माणसं असतात, वारा असतो, कोणीतरी शिंकतंही. ह्या कोणा लबाडाने मात्र भिंतीला नुसती रिकामी खुंटी ठोकली होती. कोट मीच नेऊन टांगला. कुठला जुना फोटो, कोणाचा, कशात सापडला, हे त्याने काहीच सांगितलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे क्षणात एकच फोटो आला, आणि छातीत असं काही हललं की मोठ्या बाईंचा आमच्या आईशी संबंध काय, हा साधा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. मी निळ्या ओळीवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, फोटो बघायला आधी हे घ्यावं लागेल. घेतलं. परवानगी द्या. दिली. अजून एक द्या. तीही दिली. डॉक्टरीणबाईंनी मघाशी असाच एक कागद पुढे केला होता आणि मी न वाचता सही ठोकली होती, तो हात अजून गरमच होता म्हणा. मग काचेवर काहीच उरलं नाही, नुसता पांढरा चौकोन. मी चष्मा पुसला, चौकोन पुसला. फोन हातात कोमट होत गेला, ताप चढणाऱ्या पोराच्या कपाळासारखा.

मग लेकीचा फोन आला. ती हिशेब तपासणाऱ्यांच्या कचेरीत कामाला आहे आणि माझ्याशीही तसंच बोलते. काय पाठवलंयस सगळ्यांना, म्हणाली. मी म्हणाले, मी काही पाठवलं नाही, पण अर्ध्या जिभेने ते असं बाहेर पडलं की ती घाबरली, तिला वाटलं मला झटका आला. दाढ, दाढ, असं मी दोनदा सांगितलं तेव्हा ती पुन्हा नेहमीच्या आवाजावर आली. तुझ्या आधी मोठ्या बाई फसल्या, म्हणाली, आणि बाईंच्या नावाने तू. जे उघडलंस तो फोटो नव्हता, ते आता फोनमध्ये ठाण मांडून बसलंय, तुझे मेसेज वाचतंय, बँकेचे गुप्त आकडे आले तर तेही वाचेल, आणि तुझ्या फोनमध्ये जितकी नावं आहेत तितक्यांना तुझ्या नावाने तेच पुढे गेलंय. ज्याने उघडलं त्याचंही हेच. विमानाचं चित्र दिसतं ना तुला, ते दाब, म्हणजे फोनचं जगाशी नातं तुटेल. बँकेला मी कळवते. घरी आल्यावर फोन धुऊनपुसून नवा करते. मी विचारलं, ज्यांना गेलं त्यांचं काय? त्यावर ती हसली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, मला हलकं वाटावं म्हणूनच बोलली ती.

“आई, तू उगाच घोर नको लावून घेऊस. तुझं कोण खरं मानतंय?”

मी विमान दाबलं आणि जमिनीवर राहिले. काचेच्या पेटीतला मासा माझ्याकडे तोंड उघडून बघत होता. कोण खरं मानतंय. जावई मानत नाही, तो माझं बोलणं ऐकताना भुवया अशा धरतो जशी गरम कपबशी. नातवंडं मानत नाहीत, पण अजून सांग म्हणतात. मोठ्या बाई तर मला तोंडावर म्हणाल्या होत्या, तुमच्या बोलण्याला चार गाळण्या लावाव्या लागतात. पण एक माणूस मानतं. सगळ्या जगात एकच माणूस आहे जिने माझं सगळं खरं मानलं, पाळण्यातून उतरल्यापासून. आणि नेमकी तीच हे उघडणार. दुसऱ्या कोणी उघडलं नसतं तरी बारकी उघडणार, कारण ज्या खुंटीवर मी कोट टांगला त्याच खुंटीवर तिने सगळा जन्म टांगलाय, आणि ती खुंटी तिच्या भिंतीत मी ठोकली आहे.

ते असं. आई जायच्या आठवड्यात तिने आम्हा दोघींना नेऊन फोटो काढवून घेतला होता. आईचा दुसरा फोटो कुठे नाही. बारकी तेव्हा एवढीशी होती, तिला ना तो दिवस आठवत ना आईचा चेहरा. मग आई आजारी पडली आणि गेली, आणि फोटो आणायला कोणी गेलंच नाही. वडिलांना त्या रस्त्याने जाववेना. पुढे ते फोटोचं दुकान उठलं, तिथे गाद्यांचं दुकान आलं. बारकी रडायची, आई कशी होती दाखव, म्हणायची. मी तरी केवढी होते! मी सांगितलं, फोटो रंगवायला बोटीने लांब पाठवलाय, येईल. मग ती रोज विचारायला लागली तेव्हा मी बोट बुडवली. मग तिने असा काही हंबरडा फोडला की मला कप्तानाला पाण्यात उतरवावं लागलं, आणि तो फोटो दातांत धरून किनाऱ्यापर्यंत पोहत गेला. पुढे कप्तान म्हातारा झाला, त्याच्या बायकोने फोटोला चौकट केली, ती रोज सकाळी आमच्या आईला विचारायची, झोप लागली का बाई? अशी ती गोष्ट आमच्याबरोबर मोठी झाली. बारकीचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, मुलगा कामासाठी दूर गेला, ती एका खोलीत काज-बटणांची कामं करत राहिली, आणि तिचं मन खाली आलं की मी कप्तानाला बाहेर काढायची. अगदी अलीकडे मी तिला म्हणाले होते, आता कप्तानाचा नातू आहे घरात, आणि हल्लीची पोरं जुने फोटो सगळे फोनवर चढवतात, बघशील तू, एक दिवस आपल्या दोघींपैकी कोणाच्या तरी फोनवर येऊन पडेल. चोराने नुसता गळ टाकला होता. आमिष मी लावून ठेवलेलं होतं.

काऊंटरवरच्या मुलीला मी फोनमधला बारकीचा नंबर दाखवला आणि दवाखान्याच्या फोनवरून लावायला लावला. बारकी काम करताना फोन बटणांच्या डब्यात ठेवते, वाजला की सगळी बटणं खुळखुळतात. खूप वेळ वाजला. मग उचलल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही, नुसता श्वास. मला घाम फुटला, कारण ही शिकवण माझीच. मीच तिला सांगितलं होतं की अनोळखी नंबर आला तर बोलायचं नाही, हल्ली चोर आवाज चोरतात, बाटलीत भरतात आणि मग तुझ्याच आवाजात तुझ्या मुलाकडे पैसे मागतात. बाटली माझी, बाकी पेपरात आलं होतं. मी म्हणाले, बारके, तो फोटो उघडू नकोस. पण जीभ चिखलातल्या चपलेसारखी उचलतच नव्हती. काय बाहेर पडलं ते मलाच कळलं नाही, तिला काय कळणार? पलीकडून श्वास थांबला आणि फोन ठेवला गेला. पुन्हा लावला, उचलला नाही. लेकीला लावला, ती बँकेशी बोलत असणार, लागेना. मी तशीच उभी राहिले, रिसिव्हर बधिर गालाला टेकवून. आता तिच्या लेखी चोर मी झाले होते, आणि जो खरा चोर होता तो तिची ताई. एक घोगरा परका आवाज म्हणतोय उघडू नको, आणि ताईच्या नावाने आलेलं अक्षर म्हणतंय उघड. कोणाचं ऐकेल ती? शिवाय फोन डब्यात गप पडून होता, तो मीच वाजवून तिच्या हातात दिला. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून मला हाक मारली तेव्हा मी रस्त्यावर होते.

बस मिळाली, पण बस म्हणजे काय, तिला माझ्या छातीतली धडधड थोडीच ऐकू जाते. प्रत्येक सिग्नलला ती अशी उभी राहायची जशी सावकाराने अडवली. माझ्या शेजारी, पुढे, उभी, बसलेली, सगळी माणसं मान खाली घालून आपापल्या काचेवर अंगठा फिरवत होती, आणि मला वाटत होतं, एकेकाच्या खांद्यावर थाप मारून सांगावं, थांबा, बोट उचला. पण मला बोलता येत नव्हतं. आयुष्यभर जिच्या जोरावर जगले ती जीभ नेमकी आज पोत्यासारखी पडली होती. ओठातून लाळ गळत होती आणि मला कळत नव्हती, समोरच्या बाईने रुमाल दिला तेव्हा कळली. मी विचार करत होते, उघडलं असेल तर काय करेल ती? पांढरा चौकोन येईल. मग ती माझ्यासारखीच चष्मा पुसेल. दुकानदार तिच्या कामाचे पैसे त्याच फोनवर पाठवतात, सगळी शिल्लक त्यातच, ती जाईल; लेक म्हणाली तसं बँकेला कळवता येईल, धावपळ करता येईल, काही वाचवता येईल. पण तो पांढरा चौकोन कोण निस्तरणार? इतकी वर्षं कप्तान पाण्यातून जे घेऊन आला ते हे, रिकामं. मग मी तिथे पोचल्यावर ती माझ्याकडे वर बघेल, आणि तिच्या नजरेत ते असेल जे माझ्या जावयाच्या भुवयांत असतं. मला त्याची भीती वाटत होती. पैशांची वाटत होती असं मी नंतर लेकीला सांगितलं, पण बसमध्ये मला त्याचीच वाटत होती. बधिर गालाच्या आत कुठेतरी दाढ ठणकायला लागली, लांबून, भिंतीपलीकडे कोणी खिळा ठोकावा तशी.

तिच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. मी चढले. वर मशीनचा आवाज येत नव्हता. दार लोटलं तर बारकी कापडाच्या टेबलाशी बसली होती, हात मांडीवर, आणि टेबलावर तिची जड जुनी इस्त्री उभी न ठेवता आडवी ठेवलेली. इस्त्री थंड होती, वायर काढलेली. तिच्याखाली फोन होता. नुसती एक कडा बाहेर दिसत होती.

“बस,” ती म्हणाली. “पाणी पी. तोंडाला काय झालं तुझ्या?”

मी खुणेनेच दाढ दाखवली आणि विचारलं, उघडलंस? तिने मान हलवली. नाही. मी कापडाच्या गठ्ठ्यावरच बसले. म्हणाले, माझ्या नावाने आलं होतं ते. तर म्हणाली, नाव तुझंच होतं, पण तू पाठवलेलं नव्हतं.

“कशावरून?”

“ताई, तू नुसता फोटो पाठवशील? सापडला म्हणे. कोणाला सापडला, कुठल्या पेटीत, कप्तानाचा नातू काय म्हणाला, काही म्हणजे काही नाही? तुझी साधी पिशवी हरवली तर तिच्या मागे सरकस लागलेली असते. म्हटलं, हे कोणीतरी घाईतलं माणूस आहे. आपली ताई नाही.”

मी हसायला लागले, आणि अर्धंच तोंड हसलं. मग ते अर्धंही थांबलं. कारण तिच्या बोलण्यात कप्तान असा आला होता जसा एखाद्या ओळखीच्या नाटकातला नट येतो. मी तिला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती दोऱ्याचं रीळ उगाच गुंडाळत म्हणाली, कप्तानाने फोटो दातांत धरला ना, तेव्हाच. फोटो भिजला नाही का, असं विचारणार होते, पण तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं जाऊ दे, हिची ही एवढीच बोट आहे. म्हणजे शाळेत असताना. म्हणजे इतकी सगळी वर्षं मी तिला सांभाळत होते असं मला वाटत होतं आणि ती मला ऐकून घेत होती. मला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते असं, की डोक्यावरचं ओझं उतरलं आणि मान अजून तशीच ताठ राहिली.

मग मी म्हणाले, पुसून टाक तो मेसेज. तिने इस्त्रीवर हात ठेवला.

“असू दे. मी दाबणार नाही. पण असू दे.”

तेव्हा खरी भीती वाटली मला, बसमधल्याहून जास्त. मी म्हणाले, तो फोटो नाही, बारके, तो चोर आहे. लेकीने सांगितलेलं सगळं सांगितलं: तुझी शिल्लक, तुझे दुकानदार, मग तुझ्या नावाने सगळ्यांना. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिला हे सगळं माहीत होतं. आत काही नाही हे मला कळतं, म्हणाली. डोक्याला कळतं. पण चहा ठेवला आणि उकळेपर्यंत दोनदा बोट तिथपर्यंत जाऊन आलं. म्हणून इस्त्री ठेवली. मला तिचं ते बोट दिसत होतं, सुईने टोचून टोचून पुढे कडक झालेलं, इस्त्रीच्या मुठीवर. आज मी आहे इथे. उद्या मी नसेन, आणि इस्त्री काय, कोणीही उचलू शकतं.

“उघडत नाही तोवर आत आई आहे, ताई,” ती म्हणाली. “तेवढं तरी असू दे की.”

माझ्याकडे कप्तान होता, नातू होता, हवं तर नातवाला आत्ता जिन्यावरून वर आणला असता. पण ती त्यातलं काही घेणार नव्हती, आणि मला पहिल्यांदाच त्यातलं काही द्यावंसं वाटलं नाही. जिभेत झिणझिण्या यायला लागल्या होत्या. मी म्हणाले, इकडे बघ, तो फोटो मी बघितलेला नाही, पण मी त्यात उभी होते. आणि मी तिला सांगायला लागले, हळू, एकेक शब्द चाचपत, बोट नाही, समुद्र नाही. मागे रंगवलेला पडदा होता, त्यावर एक जिना वर वर जात होता आणि वर काहीच नव्हतं; तो खरा समजून मी चढायला गेले आणि नाक आपटून घेतलं. फोटोवाला काळ्या कापडात शिरला तेव्हा त्याचे नुसते बूट दिसत होते, एकाची नाडी सुटलेली. तुला शिंक येत होती, तू नाक वर करून थांबवली होतीस. आई मधे स्टुलावर. तिच्या डाव्या भुवईत एक बारीक खाच होती, तिथे केस उगवायचे नाहीत. पुढचा एक दात वाकडा होता म्हणून ती फोटोत हसेना, फोटोवाल्याने कितीदा सांगितलं तरी ओठ मिटलेलेच. कसे, बारकीने विचारलं. मी म्हणाले, तू टाचण्या ओठांत धरतेस ना काम करताना, तसे. अगदी तसेच. तिने भिंतीवरच्या आरशाकडे बघितलं नाही, पण ओठ मिटले. दाढेतली कळ आता कानापर्यंत आली होती, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दुखण्याचं असं मी तिला सांगितलं.

“आणि हात?” तिने विचारलं. “आईचे हात कुठे होते?”

“एक मांडीवर. दुसरा तुझ्या खांद्यावर.”

बारकीने आपल्या खांद्याला हात लावला, तिथे दोऱ्याचा तुकडा चिकटला होता तो काढला नाही. मग इस्त्री उचलली, बाजूला ठेवली, फोन घेतला आणि त्या ओळीला न शिवता माझ्या नावावर बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, नक्की? ती मोठ्याने म्हणाली, नक्की. मग तिने फोन बटणांच्या डब्यात टाकला, चहा पुन्हा गरम करायला ठेवला, कारण तो केव्हाच गार होऊन गेला होता, आणि टाचण्या ओठांत धरून कामाला बसली. मी बघत राहिले.

लेकीने माझा फोन पुसून कोरा करून दिला. आता काही निळं आलं की मी आधी पाठवणाऱ्याला फोन लावते, आणि मोठ्या बाईंना सांगितलंय, फूल नसेल तर मी उघडणार नाही. दाढ तेवढी राहिली आहे. डॉक्टरीणबाई निरोप पाठवतात, येते म्हणून सांगते आणि जात नाही, शपथ घ्यायला माणसाकडे काहीतरी नको का? आता तिची शपथ घेतलीच आहे तर तिला जागते. पडदा खरा, तो जिना खरा, नाडी खरी, भुवईतली खाच खरी, शिंक खरी. एक तेवढं पदरचं घातलं. आईचा हात माझ्या खांद्यावर होता.